वजनाचा एक चुकलेला हिशेब

संघाच्या स्मरणिकेसाठी आजवर आम्ही लिहीत आलो ते भुसार मालाच्या भावांविषयी, नाहीतर बाजार समितीच्या नियमांविषयी. यंदा संपादकांनी आमच्या आजारपणावर लिहावयास सांगितले, तेव्हा आम्ही आधी टाळाटाळ केली. आजाराची वर्णने ऐकून कोणाचे भले झालेले आमच्या पाहण्यात नाही. तथापि आजारातून उठताना आमचा एक हिशेब चुकला, आणि तोही वजनाचा. भुसाराच्या व्यापाऱ्याने वजनात चुकावे, ही गोष्ट व्यापारी बंधूंच्या कानी घालण्याजोगी खचित आहे.

बेळगावच्या रविवार पेठेत आमचे दुकान आहे. मागे राहते घर, आणि त्याला लागून एक अडगळीची खोली. दुकान वाढवल्यावर त्या खोलीत तासभर सुतारकाम करावयाचे, हा आमचा तीस वर्षांचा नाद. विकण्यासाठी कधी काही केले नाही. पाट, चौरंग, नातवंडांच्या गाड्या, एवढीच आमची मजल. किराण्याच्या हाती रंधा पाहून पुष्कळांना हसू येई, येवो बापडे.

२०२३ साली मृगाचा पाऊस लागला त्याच आठवड्यात आमच्या छातीत कळ आली, आणि चार दिवसांत हृदयावर शस्त्रक्रिया झाली. पायातील शीर काढून ती हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालून जोडावयाची, असा हा प्रकार. आपल्या देशात ही शस्त्रक्रिया प्रथम १९७५ साली डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रासेत केली. हृदयापर्यंत पोचण्यासाठी छातीचे मधले हाड उभे चिरतात आणि काम झाल्यावर पोलादी तारेने शिवतात. ते हाड सांधेपर्यंत रोग्याने जपावयाचे. घरी पाठवताना आम्हांस जो कागद मिळाला त्यावर लिहिले होते : बारा आठवडे पाच किलोंहून अधिक वजन उचलू नये, काही ढकलू नये, ओढू नये.

आम्ही तो कागद व्यापाऱ्याच्या नजरेने वाचला, म्हणजे त्यातला आकडा तेवढा वाचला. पाचव्या आठवड्यात दुकानातला काटा मागे मागवून घेतला आणि एकेक जिन्नस तोलला. करवत अर्धा किलो. रंधा दीड किलो. सागवानाची दोन फूट लांब, आठ इंच रुंद, एक इंच जाडीची फळी दोन किलोंहून किंचित अधिक. सारे मर्यादेत! चतुर्दशीला घरची मंडळी मंदिरात गेली, तेव्हा आम्ही खोली उघडली, फळी आवळली आणि रंधा मारू लागलो. चौथ्या की पाचव्या हाताला छातीत ‘कट्’ असा आवाज झाला.

तो आवाज आम्ही विसरणार नाही. दुखले फारसे नाही. पण आपण आतून उघडलो आहोत, असे वाटले. रंध्याचे वजन दीड किलो खरे, परंतु त्यामागे दोन्ही हातांनी लावलेला रेटा छातीच्या हाडातून जातो आणि न सांधलेल्या दोन फाका एकमेकींवर सरकतात. रेटा कोणत्या काट्यावर तोलावा? तपासणीत तारा शाबूत निघाल्या, हे पूर्वपुण्य. मोजणी मात्र पुन्हा पहिल्या आठवड्यापासून. आमच्या सौभाग्यवती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज एक दिवस खोडत असत. त्या रात्री त्यांनी ते पान काढून ठेवले आणि खोलीला कुलूप घालून किल्ली कनवटीला लावली. दोन दिवस त्या आमच्याशी बोलल्या नाहीत.

पुढे डॉक्टरांनी व्यवसायोपचार शिकलेल्या एका बाईंना घरी पाठविले. रोग्याला हातचे काम देऊन बरे करण्याचे हे शास्त्र. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहाने महाराष्ट्रीय झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याची शाळा काढली. बाईंनी उपदेश केला नाही. हत्यारे पाहू द्या म्हणाल्या, आणि त्यांचे दोन ढीग केले. ज्यांना रेटा लागतो ती एकीकडे, ज्यांना केवळ बोटे लागतात ती दुसरीकडे. आमच्या ढिगात उरले गुण्या, पट्टी, पेन्सिल आणि पॉलिश कागद. कागद घासतानाही कोपर बरगडीला चिकटलेले हवे आणि तोंडावर फडके हवे. लाकडाच्या भुशाने कर्करोग होतो, असा निर्णय आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९५ सालीच दिला आहे. रक्त पातळ राहण्याची गोळी चालू असल्याने पटाशीला तर शिवावयाचेच नाही.

मग आम्ही आमच्या जुन्या मिस्त्रींना बोलावले. ठरले असे, की आखणी आमची, हात त्यांचा. त्याच फळीतून शास्त्र ठेवावयाची दुमडती चौकी काढावयाची. ही चौकी एका सबंध फळीची असते. तिला खिळा नाही, सरस नाही. मध्यभागी पाच दाते आखतात. एकाआड एक दाता वरच्या अंगाने, उरलेले खालच्या अंगाने अर्ध्या जाडीपर्यंत कोरून गोल करतात, आणि मग दोन्ही टोकांकडून फळी जाडीतच चिरत आणतात. आखणी बिनचूक असेल तर लाकडाचीच बिजागरी होऊन चौकी उघडते. एक रेघ केसभर ढळली तर फळी जळणात.

पूर्वी पाव तासात आटपलेली आखणी आम्ही तीन संध्याकाळ करीत होतो. मिस्त्रींनी दोनदा पुसावयास लावली.

“अण्णा, तीस वर्षं तुम्ही रेघ मारत नव्हता, अंदाज मारत होता,” ते म्हणाले. “चुकलं की पटाशीच्या जोरावर सावरून घ्यायचा.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तेव्हा तुम्हांला ऐकायला सवड कुठं होती?”

दसऱ्याच्या आधी डॉक्टरांनी हाड सांधल्याचे सांगितले. चौकी त्यापूर्वीच उघडली होती. उघडताना एका दात्याचा टवका मात्र उडाला. आता ती सौभाग्यवतींच्या सकाळच्या स्वाध्यायात आहे. डावीकडे किंचित कलते, म्हणून त्यांनी खाली पुठ्ठ्याची घडी सारली आहे. ती काढून पाय नीट करून देतो, असे आम्ही अनेकदा सुचविले. परंतु खोलीची किल्ली अद्याप त्यांच्याच कनवटीला आहे.