गुणसूत्रांचा तक्ता काय सांगतो?

बाळ मान उशिरा धरते, अंग सैल वाटते, डोळे तिरके दिसतात. अशा वेळी डॉक्टर ‘कॅरिओटाइप’ ही तपासणी लिहून देतात आणि घरची मंडळी घाबरतात. कॅरिओटाइप म्हणजे गुणसूत्रांचा तक्ता.

आपल्या पेशीच्या केंद्रकात आनुवंशिक गुण वाहून नेणारी ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजेच २३ जोड्या. जोडीतील एक आईकडून व एक वडिलांकडून येते. १९५६ पूर्वी शास्त्रज्ञ ही संख्या ४८ समजत.

तपासणीसाठी थोडे रक्त घेऊन त्यातील पांढऱ्या पेशी सुमारे तीन दिवस उबेत वाढवितात. पेशींचे विभाजन चालू असतानाच औषध घालून ते थांबवितात. त्या वेळी गुणसूत्रे आखूड, जाड व सुटी दिसतात. रंग दिल्यावर त्यांवर गडद व फिके पट्टे उमटतात. मग छायाचित्र घेऊन जोड्या लावतात. हे काम पूर्वी कात्री व डिंकाने होई, आता संगणकावर होते.

शाळेत मुले उंचीप्रमाणे उभी करतात, तशीच ही रांग असते. सर्वांत मोठ्या जोडीला क्रमांक १, पुढे उतरत्या क्रमाने २२ पर्यंत. हे क्रमांक १९६० साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे ठरले. लांबी, मधल्या आवळलेल्या भागाची जागा व पट्टे यांवरून प्रत्येक गुणसूत्र ओळखता येते. रांगेला एक अपवाद आहे: २१ वे गुणसूत्र २२ व्यापेक्षाही लहान आहे, पण जुना क्रमांक तसाच राहिला.

या २१ व्या जागी दोनऐवजी तीन गुणसूत्रे आली की ‘डाऊन सिंड्रोम’ होतो. हे १९५९ साली उघड झाले. बहुतेक वेळा बीजपेशी तयार होताना ही चूक आपोआप घडते. आईचे वय वाढले की तिची शक्यता वाढते, पण ग्रहण पाळले नाही किंवा काही खाल्ले म्हणून ती घडत नाही. काही थोड्या बाळांत जादा गुणसूत्र दुसऱ्याला चिकटलेले असते. तेव्हा आईवडिलांचेही रक्त तपासावे लागते, कारण पुढच्या बाळालाही धोका असू शकतो.

तेविसावी जोडी लिंगाची. स्त्रीमध्ये दोन्ही ‘एक्स’, पुरुषामध्ये एक ‘एक्स’ व एक ‘वाय’. आई नेहमी ‘एक्स’च देते. वडिलांकडून ‘वाय’ आले तर मुलगा, ‘एक्स’ आले तर मुलगी. म्हणजे मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणे शास्त्राला धरून नाही. वडिलांनाही दोष नको, कारण कोणते गुणसूत्र जावे हे त्यांच्या हाती नसते.

गर्भजल परीक्षेत हाच तक्ता पाहून १९८० च्या दशकात मुलींचे गर्भ पाडले जाऊ लागले. म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम कायदा केला, देशाचा कायदा १९९४ साली आला. पुढे सोनोग्राफीने तेच काम सोपे केले. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे आपल्या बुलडाणा जिल्ह्यात २००१ साली ९०८ मुली होत्या, २०११ साली ८५५ उरल्या.

हा तक्ता आजार ओळखण्यासाठी आहे. डॉक्टरांनी सांगितल्यास तपासणी जरूर करावी, अहवाल त्यांच्याकडून समजून घ्यावा आणि आईला दोष देऊ नये.