रात्रीची झोप आणि महाविद्यालयीन तरुण

रात्रीचे दोन वाजले तरी मुलाच्या खोलीतील दिवा जळत असतो आणि सकाळी हाकांवर हाका मारूनही तो अंथरुणातून उठत नाही, हे दृश्य आज शहरांत आणि खेड्यांतही दिसते. ‘आळशी झाला’, ‘मोबाईलने बिघडवले’ असे म्हणून वडीलधारी मंडळी त्याला दोष देतात. मोबाईलचा वाटा यात आहेच. परंतु या वयातील झोपेचे एक शरीरशास्त्रही आहे. ते समजून न घेता केलेली कानउघाडणी बहुधा व्यर्थ जाते आणि मूल मात्र दुरावते.

शरीरातील घड्याळ

झोप मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. माणूस जितका वेळ जागा राहतो तितकी झोपेची ओढ वाढते, ही पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे मेंदूतील जैविक घड्याळ. डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशानुसार हे घड्याळ रोज जुळवले जाते. अंधार पडल्यावर मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते व शरीराला रात्र झाल्याची सूचना मिळते. हे घड्याळ पेशींमध्ये कसे चालते याचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पौगंडावस्थेपासून हे घड्याळ उशिराकडे सरकू लागते. विसाव्या वर्षाच्या सुमारास ते सर्वांत मागे पडलेले असते व पुढे हळूहळू पूर्ववत होते. दहा वाजता अंथरुणावर पडलेल्या तरुणाला बारापर्यंत झोप येत नाही, ते सोंग नव्हे. मात्र १८ ते २५ या वयात सात ते नऊ तासांच्या झोपेची गरज असते. सकाळच्या सत्रासाठी पहाटेची एस.टी. गाठणाऱ्या विद्यार्थ्याची ही गरज भागत नाही. बुडालेली झोप तो दुपारी किंवा रविवारी भरून काढतो आणि त्यामुळे रात्रीची झोप आणखी लांबते.

उपाय सकाळपासून

‘आज लवकर झोप’ या आदेशाचा उपयोग होत नाही. झोप हुकमाने येत नसते. उठण्याची वेळ मात्र ठरविता येते. म्हणून सुधारणेचा आरंभ सकाळपासून करावयास हवा. रात्री कितीही वाजता झोप लागली तरी रोज एकाच वेळी उठावे. सुटीच्या दिवशीही फार तर तासाभराची सवलत असावी. उठल्यावर अर्धा तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात काढावा. सकाळच्या उजेडाने घड्याळ अलीकडे येते, तर रात्रीच्या प्रखर प्रकाशाने ते मागे पडते. दुपारची झोप वीस-पंचवीस मिनिटांपुरतीच असावी. चहा-कॉफीतील कॅफीनचा निम्मा अंश शरीरात सुमारे पाच तास टिकतो. म्हणून दुपारी चारनंतर ती टाळणे इष्ट.

अंथरूण केवळ झोपेसाठी ठेवावे. अभ्यास व मोबाईल दोन्ही तेथे नकोत. सुमारे वीस मिनिटांत झोप न लागल्यास कूस बदलत पडून न राहता उठावे, मंद प्रकाशात शांत बसावे आणि डोळे जड झाल्यावरच परतावे. तासन्तास जागे पडून राहिल्याने अंथरूण आणि जागरण यांची सांगड मनात पक्की होते. उद्याच्या चिंता सायंकाळीच वहीत उतरवून ठेवणेही उपकारक ठरते. या शिस्तीचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात.

घर, महाविद्यालय आणि गाव

अठरा वर्षांचे अपत्य लहान मूल नव्हे. पालकांनी हा विषय मध्यरात्री रागाच्या भरात न काढता दिवसा, शांतपणे काढावा व नियम त्याच्याशी बोलून ठरवावेत. रात्री मोबाईल खोलीबाहेर ठेवण्याचा नियम आई-वडिलांनीही पाळला, तर तो टिकतो. पहिल्या तासिकेला पेंगणाऱ्या विद्यार्थ्याची वर्गात थट्टा करण्याऐवजी प्राध्यापकांनी त्याची स्वतंत्रपणे चौकशी करावी. झोपेत स्मरणशक्ती दृढ होते, हे परीक्षेच्या आधी रात्रभर जागणाऱ्यांना आवर्जून सांगावे.

चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरविण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला, त्यामागे मुलांच्या झोपेचाच विचार होता. सकाळच्या सत्रास पर्याय नसलेल्या महाविद्यालयांना निदान महत्त्वाच्या चाचण्या पहिल्या तासिकेला न ठेवणे शक्य आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद राहतील याकडे ग्रामपंचायत सदस्यांनी लक्ष पुरविल्यास अनेक घरांची झोप वाचेल.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप न लागणे तीन महिने चालू राहिले, तर तो निद्रानाशाचा विकार समजून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मोठ्याने घोरणे व झोपेत श्वास अडखळणे ही लक्षणेही दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. सतत उदासी, जेवणावरची वासना उडणे, मित्रांना टाळणे किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखविणे, असे काही आढळल्यास मात्र एक दिवसही वाट पाहू नये. शासकीय रुग्णालयाप्रमाणेच ‘टेलि-मानस’ या सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र सल्ला मिळतो. घरातील वृद्धांसाठी आणलेली झोपेची गोळी मुलाला कदापि देऊ नये. दीर्घकालीन निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी सवयी व विचार बदलणारी उपचारपद्धती वापरावी, असे आज वैद्यकशास्त्र मानते.

झोप न येणारा तरुण रात्री घरात एकटाच जागा असतो. त्याची अडचण खरी आहे, एवढे घरच्यांनी मान्य केले की त्याला मदत मागणे सोपे जाते.