वाचनालय म्हणजे पाळणाघर नव्हे

मृग लागला, की आमची बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके सुरू होतात. दोन वर्षांपूर्वी एका गावात असेच प्रात्यक्षिक वाचनालयाच्या ओट्यावर घेतले. वीसेक शेतकरी जमले. तिघाचौघांबरोबर लहान पोरे होती. मीच म्हणालो, "पोरांना आत बसवा की, चित्रांची पुस्तकं आहेत." पोरे आत गेली आणि आम्ही निर्धास्त झालो.

सोयाबीनला बुरशीनाशक चोळून बियाणे गोणपाटावर सावलीत पसरले. दाणे लालभडक झाले होते. मग पेरणीच्या खोलीवरून चर्चा रंगली. तेवढ्यात आतून ग्रंथपाल बाई ओरडल्या, "अवो, त्या पोराला धरा!" चार वर्षांचा पोरगा गोणपाटाशी बसलेला. मूठ भरलेली आणि तोंडाकडे निघालेली. त्याला त्या गोळ्या वाटल्या! बापाने झडप घालून हात धरला. तोंड उघडून पाहिले, दाणा गेला नव्हता. हात साबणाने धुतले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

बाप बाईंवरच खेकसला, "तुमच्यापाशी बसवलं हुतं ना?" बाई म्हणाल्या, "दादा, मी पुस्तकं देते-घेते. पोरं राखायला मला कुणी नेमलं नाही." बाईंचे खरे होते. चूक बापाची, आणि त्याहून जास्त माझी. विषारी बियाण्याजवळ माणूस न ठेवता सभा घेणारा मीच.

एक माणूस, दहा कामे

1967 च्या कायद्याने मान्यता मिळालेली आपली सार्वजनिक ग्रंथालये अ, ब, क, ड अशा चार वर्गांत मोडतात. खेड्यातले वाचनालय बहुधा खालच्या वर्गातले. तिथे एकच माणूस कुलूप उघडतो, झाडतो, पेपर लावतो, देवघेवीची नोंद करतो. तो कपाटाकडे वळला, की दाराकडे पाठ होते. बाहेर रस्ता, ट्रॅक्टर, कुठे उघडी विहीर. लहान पोराला निसटायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. सुगीत घरची सगळी माणसे शेतात असतात. पोर कुठे ठेवायचे ही अडचण खरी आहे. पण सहा वर्षांच्या आतील मुलांसाठी अंगणवाडी आहे. तिची वेळ संपल्यावर पोर कुणापाशी राहील, हे घरातच ठरले पाहिजे.

मुले यावीत, पण माणसासह

म्हणून लहान मुलांना वाचनालयात आणूच नये का? तसे मुळीच नाही. पुस्तकाची गोडी याच वयात लागते. फक्त काही गोष्टी पाळाव्यात :

• आठ वर्षांच्या आतील मुलाबरोबर घरचे मोठे माणूस बसावे. दहा वर्षांची ताई हे मोठे माणूस नव्हे. तीही पोरच आहे. आजोबा पेपर वाचायला येतातच, नातवाला शेजारी घ्यावे.
• थोडे मोठे मूल एकटे येत असेल, तर घरचा फोन नंबर नोंदवहीत लिहून ठेवावा आणि बंद होण्याच्या वेळेआधी त्याला न्यायला यावे.
• बालपुस्तके खालच्या फळीवर आणि सतरंजी ग्रंथपालाच्या नजरेसमोर, दारापासून लांब असावी. जड कपाटे भिंतीला पक्की करावीत.
• मुलांसाठी आठवड्यातला एक वार ठरवावा. त्या दिवशी पालकांनी पाळीपाळीने थांबून गोष्टी वाचून दाखवाव्यात.

हे नियम वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने करून दाराशी लावावेत. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी येत्या ग्रामसभेत ते वाचून दाखवावेत. म्हणजे "मला कुणी सांगितलं नाही" असे म्हणायला जागा राहत नाही, आणि ग्रंथपालावर उगाच बोल येत नाही.

मी माझ्यापुरता धडा घेतला आहे. आता प्रात्यक्षिकाला बसण्याआधी विचारतो, "बियाण्यापाशी कोण थांबणार? आणि पोरांपाशी कोण?" दोन्ही माणसे ठरल्याशिवाय औषधाची पुडी फोडत नाही. शेतकरी बंधूंनो, पोराला वाचनालयात जरूर न्या. पण सोडून येऊ नका, घडीभर त्याच्याजवळ बसा.