शके म्हणजे कुणाचे? घोडेस्वार शकांचा आपल्या लेण्यांतला हिशेब

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराआड दिनदर्शिका टांगलेली असते. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, बचत गटाचा हप्ता, सगळा संसार तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेला. नववीतल्या मुलीने एके दिवशी तिच्यावर बोट ठेवून विचारले, "पप्पा, हे शके कुणाचे?" मी शाळेत शिकलो तसे सांगून टाकले, "शालिवाहनाचे. आपल्या पैठणच्या राजाचे." ती म्हणाली, "मग शालिवाहन म्हणावं ना. पुढं शके कशाला?"

वाचक बंधू-भगिनींनो, मला उत्तर आले नाही. मी कारकून माणूस. राजपत्रावर इसवी सनाशेजारी शके छापलेले असते, ते वर्षानुवर्षे डोळ्यांखालून जाते. 22 मार्च 1957 पासून भारत सरकारने ही कालगणना राष्ट्रीय म्हणून स्वीकारली, एवढेही ठाऊक होते. पण शक कोण, हे कधी विचारले नव्हते. मग वाचू लागलो, आणि गेल्या वर्षावासात विहारातल्या मंडळींबरोबर नाशिकला जाऊन डोळ्यांनी पाहून आलो. त्याचा हा वृत्तांत.

मंगोलियापासून थेट काळ्या समुद्रापर्यंत गवताळ माळरानाचा एक प्रचंड पट्टा आहे. शेती थोडी, जनावरे फार. तिथली माणसे घोड्यावर वाढली, नमद्याच्या तंबूत राहिली आणि चारा संपला की पुढे सरकली. त्यांनी दगडी शहरे फारशी बांधली नाहीत. म्हणून त्यांचा इतिहास उकरायचा तो मुख्यतः त्यांच्या थडग्यांतून. अल्ताई पर्वतात पाझिरिक नावाची जागा आहे. तिथल्या मातीच्या उंचवट्यांखाली पाणी झिरपून गोठले आणि मुडदे, घोडे, कपडे, गालिचे असे सगळे बर्फात टिकून राहिले. 1929 साली आणि पुन्हा 1947 ते 1949 या काळात रशियन संशोधकांनी ते उघडले. माणसांच्या कातडीवर गोंदण जसेच्या तसे! आज जगात शिल्लक असलेला सर्वांत जुना गाठींचा गालिचा तिथलाच. पुढे 1969 साली कझाकस्तानात इस्सिक येथे एक थडगे सापडले. आतल्या तरुणाच्या अंगरख्यावर आणि उंच टोकदार टोपीवर सोन्याचे हजारो तुकडे शिवलेले होते. अशीच टोकदार टोपी इराणच्या दारयवहु राजाने बेहिस्तूनच्या कड्यावर कोरलेल्या एका बंदिवान सरदाराच्या डोक्यावर आहे. तो सरदार शक होता.

या लोकांपैकी काही टोळ्या, पूर्वेकडून युएची टोळ्यांचा रेटा आल्यावर, दक्षिणेला सरकल्या आणि इराणच्या सीमेवरून सिंध, गुजरात करीत आपल्या दख्खनपर्यंत पोचल्या. मंगोल वेगळे. ते याच गवतावर हजार-बाराशे वर्षांनी उठले. दोघांना एका पोत्यात घालू नये.

आपल्याकडे शकांची तशी थडगी नाहीत. इथे त्यांनी मागे ठेवली ती नाणी आणि लेख. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून जास्त! सगळी क्षहरात वंशाच्या नहपान नावाच्या क्षत्रपाची. एकाच नाण्यावर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला. राज्य बदलले की रबरी शिक्का बदलतो, तसेच हे. त्याच सुमारास एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात आपल्या पैठणचे नाव आहे. भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून गाड्या भरभरून मौल्यवान दगड बंदराकडे येतो, असे तो लिहितो. शक आणि सातवाहन भांडले ते या व्यापाराच्या वाटांवरून.

आता नाशिकचे. शहराबाहेर मुंबईच्या रस्त्याला जो डोंगर आहे, त्याला लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथे काही संबंध नाही. लेखांत डोंगराचे नाव स्वच्छ आहे, तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी. आमच्याबरोबर धम्मलिपीच्या कार्यशाळेत शिकलेली दोन मुले होती. पायऱ्या चढून दहाव्या लेण्याच्या ओसरीत गेलो आणि त्यांनी बोट फिरवीत वाचायला सुरुवात केली. सिधं.

हे लेणे उषवदाताने कोरवले. दिनीकाचा मुलगा, नहपानाचा जावई. एका लेखात त्याच्या नावामागे सरळ शक असा शब्द आहे. लेणे दिले ते चारी दिशांच्या भिक्खुसंघाला. आणि नुसते लेणे देऊन तो थांबला नाही, राहणाऱ्यांच्या खर्चाची तरतूद केली. ही तरतूद वाचताना माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाला घाम फुटला, आनंदाने!

तीन हजार कार्षापणांची कायम ठेव. ठेवली कुठे? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींत, म्हणजे कोष्ट्यांच्या संघांत. एका श्रेणीत दोन हजार, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीत एक हजार, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजच वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. मी ओसरीतच कागद काढला. दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कवडी इकडे तिकडे नाही! हजाराचे वर्षाचे नव्वद इतर खर्चाला. हे सगळे निगमसभेत वाचून दाखवले आणि दप्तरी नोंदले, असेही लेखात आहे. आमच्या पतपेढीच्या वार्षिक सभेत ताळेबंद इतका चोख वाचला जात नाही, हे जाता जाता.

कोष्टी आणि त्यांचे संघ यांच्याकडे एका राजाचा जावई पैसे ठेवतो, कायमचे! हातमाग चालवणाऱ्या माणसाची पत तेव्हा किती असेल, याचा वाचकांनी विचार करावा.

डाव्या बाजूच्या खोलीच्या दारावर उषवदाताच्या पत्नीचे नाव आहे. दक्षमित्रा, नहपानाची मुलगी. ही खोली तिचे दान. आमच्याबरोबरच्या कौसाबाई मावशी दारापाशी बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "दादा, ही बाई कुठली म्हणायची?" मी गवताळ मुलुखाची हकिकत थोडक्यात सांगितली. मावशी म्हणाल्या, "लई लांबून आली म्हण की." मग दगडी चौकटीतली भोके बघत राहिल्या आणि दाराची फळी कशी बसवीत असतील ते स्वतःशीच ठरवू लागल्या. मावशींचे मालक सुतार होते.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. परतीच्या गाडीत आमच्यातले एक उत्साही कार्यकर्ते म्हणाले, "म्हणजे शक सगळे बौद्धच होते!" नाही. त्याच उषवदाताने ब्राह्मणांना तीन लाख गायी आणि सोळा गावे दिल्याचे, प्रभासतीर्थी आठ ब्राह्मणांची लग्ने लावून दिल्याचे त्याच भिंतीवर लिहिले आहे. खतावणीची एकच बाजू वाचून ताळेबंद होत नाही. आपल्याला हवे तेवढेच वाचायचे असेल, तर पांडवलेणी म्हणणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला?

दुसरी बाजूही अशीच गुंतागुंतीची. जवळच तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेख आहे. त्यात मुलाची स्तुती अशी की त्याने शक, यवन, पहलव यांना चिरडले, क्षहरात वंशाचा निःपात केला आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला. चातुर्वर्ण्याचा गर्व! आणि हे सगळे कोरले आहे कुठे, तर भिक्खुसंघाला दान दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर. खुद्द गौतमीपुत्राने उषवदाताच्या ताब्यातले दोनशे निवर्तने शेत याच डोंगरावरच्या भिक्खूंना दिले. पुढे ते शेत कुणी कसेना आणि गावही ओसाड पडले, म्हणून दुसरीकडची शंभर निवर्तने देण्याचा नवा हुकूम काढला. सरकारी जमीन कागदावर मिळते आणि प्रत्यक्षात पडीक निघते, हे तेव्हाही होते तर!

आणि संकर थांबवल्याची ती बढाई? कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याच्या टाक्यावर एक लेख आहे. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी म्हटली आहे. म्हणजे सातवाहनांच्या घरात शकांची लेक सून होऊन आली. जुनागडच्या लेखात रुद्रदामन महाक्षत्रप सांगतो की सातकर्णीला मी दोनदा हरवले, पण जवळचा नातलग म्हणून सोडून दिले. हा लेख शके 72, म्हणजे इसवी सन 150 च्या सुमाराचा. भिंतीवर वर्णाची शुद्धता आणि मांडवात सोयरीक. पुढे याच क्षत्रपांनी चांदीच्या नाण्यांवर या गणनेची वर्षे घातली. शकांचे नाव तिला चिकटले, शालिवाहन हे नाव फार नंतर जोडले गेले. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे.

ज्या गवताळ मुलुखातून शक निघाले, त्याच पट्ट्यातली अलीकडची एक हकिकत वाचली, तीही सांगतो. मंगोलांची राजधानी काराकोरम. 1235 साली ओगोदेई खानाने तिला तटबंदी घातली. 1254 साली तिथे गेलेल्या एका ख्रिस्ती साधूने लिहिले की शहरात निरनिराळ्या लोकांची बारा देवळे, दोन मशिदी आणि एक चर्च आहे. 1948-49 साली रशियन संशोधकांनी तिथे खांबांची एक भव्य इमारत खणली आणि जाहीर केले की हा खानाचा राजवाडा. पन्नास वर्षे पुस्तकांत तेच छापले. पुढे मंगोल आणि जर्मन संशोधकांनी पुन्हा खणले, तेव्हा मातीचे छोटे छोटे स्तूप आणि बुद्धमूर्तींचे अवशेष निघाले. तो राजवाडा नव्हताच, ते प्रचंड बौद्ध मंदिर होते! त्या शहराच्या दगडांतून 1586 च्या सुमारास जवळच एर्देने झू हा विहार उभा राहिला, तो आजही आहे. नावे चुकीची पडतात ती आपल्याच डोंगरांना नव्हे.

पण मला राहून राहून आठवते ती दहाव्या लेण्याच्या अंगणाच्या भिंतीवरची विष्णुदत्ता. नहपानाचे राज्य जाऊन शे-सव्वाशे वर्षे उलटली होती. राज्य होते ईश्वरसेन आभीराचे, त्याचे नववे वर्ष. शक अग्निवर्म्याची ही मुलगी स्वतःला शकनिका म्हणवते आणि उपासिकाही म्हणवते. ती राणी नव्हे, राजकन्या नव्हे. तिने ठेव ठेवली ती कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे आणि तेली यांच्या श्रेणींत. कशासाठी? त्रिरश्मीच्या विहारात राहणाऱ्या चारी दिशांच्या संघातल्या आजारी भिक्खूंच्या औषधासाठी.

ज्यांना ओपीडीच्या रांगेत उभे राहून चिठ्ठीवर "औषध बाहेरून आणा" हे वाचायची सवय आहे, त्यांना या लेखाचे मोल सांगावे लागणार नाही. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात ती चिठ्ठी घेऊन मी दुकाने फिरलो आहे.

लेख झिजत चालला आहे. काही अक्षरे बोटाने चाचपली तरच लागतात. मुलीने वहीत सकनिका हा शब्द धम्मलिपीत उतरवून घेतला, 'नि' तिला दोनदा खोडावा लागला. तोवर खालून ड्रायव्हरच्या हाका सुरू झाल्या होत्या. संभाजीनगरला पोचायला रात्रीचे साडेअकरा वाजले.