आठवीतली परीक्षा आणि बारावीपर्यंतचा हप्ता

आठवीच्या वर्गाला मी अनेक वर्षे शिकवतो आहे. त्या वर्गावर दर वर्षी एक वेगळीच काळजी मनात असते. शिक्षण हक्क कायद्याचे छत्र सहा ते चौदा वर्षांच्या मुलांवर आहे, म्हणजे आठवीपर्यंत. पुढे नववीसाठी गावाबाहेरचे हायस्कूल, एसटी, वह्या, गणवेश. मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, पण बाकीचा खर्च घरावरच येतो, आणि तो परवडेनासा झाला की मूल शेतात किंवा दुकानात दिसू लागते. नेमकी ही गळती थांबवण्यासाठी केंद्र सरकारने २००८ साली एक शिष्यवृत्ती सुरू केली. तिचे पूर्ण नाव राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती योजना; शाळेत सगळे एनएमएमएस म्हणतात. नववी ते बारावी अशी चार वर्षे, दर वर्षी १२,००० रुपये, एकूण ४८,००० रुपये. देशभरात दर वर्षी एक लाख नव्या शिष्यवृत्त्या असतात आणि त्यांतल्या ११,६८२ महाराष्ट्राच्या वाट्याला येतात.

परीक्षेच्या तयारीबद्दल पालक खूप विचारतात. पुढच्या कागदपत्रांबद्दल फारसे कुणी विचारत नाही. माझ्या पाहण्यात मात्र यादीत नाव आलेल्या मुलांचे पैसे बुडाले ते बहुतेक वेळा कागदांपायी. म्हणून इथे परीक्षेचा भाग थोडक्यात सांगतो आणि नंतरच्या भागाला जास्त वेळ देतो.

परीक्षेला कोण बसू शकते? शासकीय, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका किंवा अनुदानित शाळेत आठवीत शिकणारे मूल. सातवीत त्याला किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५० टक्के चालतात. आईवडिलांचे मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय, सैनिकी शाळा आणि राहण्या-जेवण्याचा खर्च सरकार करते अशा निवासी शाळांतली मुले यात बसत नाहीत. अर्ज पालकांनी भरायचा नसतो. शाळाच आपल्या लॉगिनमधून महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेकडे तो ऑनलाइन पाठवते. परीक्षा साधारणपणे डिसेंबरात होते आणि अर्ज त्याच्या काही महिने आधी भरले जातात. म्हणून गणपती झाले की एकदा वर्गशिक्षकांना भेटून मुलाचा अर्ज भरणार आहेत ना, हे विचारावे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळायला दिवस लागतात, तेव्हा तो त्याआधीच काढून ठेवलेला बरा.

परीक्षेत एकाच दिवशी दोन पेपर असतात, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटे. पहिला बौद्धिक क्षमता चाचणीचा: संख्यामालिका, समसंबंध, गटात न बसणारे पद, लपलेली आकृती. दुसरा शालेय क्षमता चाचणीचा, सातवी-आठवीच्या अभ्यासावर: विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा सोडू नये, हे मी मुलांना शेवटच्या दिवशीसुद्धा सांगतो. शालेय पेपर पाठ्यपुस्तक नीट वाचलेल्या मुलाला जमतो. बौद्धिक पेपरला मात्र सराव लागतो, कारण एका प्रश्नाला एकच मिनिट मिळते, आणि वेगाची ही सवय रोज वीस-पंचवीस प्रश्न सोडवल्याशिवाय येत नाही. महागडा क्लास लावायची गरज मला कधी वाटली नाही. जुन्या प्रश्नपत्रिका आणि पंधरवड्यातून एकदा घड्याळ लावून घेतलेला पूर्ण पेपर एवढ्यावर आमच्या शाळेतली मुले निवडली गेली आहेत.

इथे पालकांचा एक गैरसमज होतो. दोन्ही पेपर मिळून ४० टक्के गुण पडले, म्हणजे १८० पैकी ७२, की मूल पात्र ठरते. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग मुलांना ३२ टक्के पुरतात. पात्र म्हणजे निवड झालेला नव्हे. जिल्ह्याजिल्ह्यांना आणि प्रवर्गांना जागा वाटून दिलेल्या असतात, आणि निवडयादी गुणवत्तेप्रमाणे लागते. पात्र असूनही निवडयादीत नाव न आलेली मुले मराठा किंवा कुणबी समाजातली असतील, तर त्यांच्यासाठी ‘सारथी’ संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये. यादीत नाव दिसले नाही म्हणून लगेच निकालपत्र बाजूला टाकू नका. त्यावरचा ‘पात्र’ हा शेरा आधी पाहा.

आता पुढचा भाग. निवडयादीत नाव आले की घरात पेढे वाटले जातात आणि बऱ्याच घरांत समजूत होते की पैसे आपोआप खात्यात येतील. तसे होत नाही. मूल नववीत गेले की राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर त्याचा नवा अर्ज भरावा लागतो. त्याआधी तिथे एकदाच करायची नोंदणी असते, जिला सगळे ओटीआर म्हणतात. मोबाइलवर आधारच्या अ‍ॅपने चेहरा पडताळला जातो आणि चौदा अंकी क्रमांक मिळतो. हा क्रमांक बारावीपर्यंत लागतो, म्हणून तो पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नोंदणीला घरातला असा मोबाइल नंबर द्या, जो वर्षानुवर्षे बदलणार नाही. दुकानदाराचा किंवा सेवा केंद्रवाल्याचा नंबर दिला, की पुढच्या वर्षी ओटीपी त्याच्याकडे जातो.

दुसरी अडचण नावाची. शाळेच्या रजिस्टरला आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. आधारवर कधी वडिलांचे नावच नसते, कधी इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त असते. वडिलांचे नाव एका कागदावर बाळू आणि दुसऱ्यावर बाळासाहेब, हे तर घरोघरी. संगणकाला बाळू आणि बाळासाहेब ही दोन माणसे वाटतात. आठवीचा परीक्षा अर्ज भरला जाण्याआधीच आधार, शाळेचे रजिस्टर आणि बँकेचे पासबुक शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आधार दुरुस्त करायला नंतरपेक्षा आठवीच्या जून-जुलैत सवड असते.

तिसरी अडचण बँकेची, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, ते आधार क्रमांकावर जातात. प्रत्येक आधार क्रमांकाला त्या घडीला एकच बँक जोडलेली असते आणि ती नोंद देशपातळीवरच्या एका यंत्रणेत असते. आधारची झेरॉक्स बँकेत दिली, एवढ्याने ही जोडणी होत नाही. ‘सरकारी अनुदान याच खात्यात घ्यायचे आहे’ असा संमतीचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. शिवाय आधी जोडलेल्या खात्याची जागा नंतर जोडलेले खाते घेते. आमच्याकडची एक मुलगी दोन महिने बँकेत चकरा मारत होती. पैसे आले होते, पण मधल्या काळात दुसऱ्या एका योजनेसाठी उघडलेल्या दुसऱ्या खात्यात, आणि ते पासबुक पेटीच्या तळाशी पडले होते. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दोन मिनिटांत दिसते. अर्ज भरण्याआधी ते पाहावे आणि खाते मुलाच्याच नावाचे ठेवावे.

अर्ज भरला की तो आधी शाळेच्या नोडल शिक्षकांकडे आणि मग जिल्ह्याच्या नोडल अधिकाऱ्यांकडे पडताळणीला जातो. या दोन्ही पायऱ्यांना स्वतंत्र मुदत असते. मुलाने मुदतीत भरलेला अर्ज शाळेकडून पुढे गेला नाही, तर तो तिथेच संपतो. पोर्टलवर अर्जाची स्थिती दर आठवड्याला पाहा. ‘त्रुटी’ असा शेरा आला असेल तर घाबरू नका, अर्ज दुरुस्त करून परत पाठवता येतो. मात्र ‘नामंजूर’ झाला की त्या वर्षी दार बंद. म्हणून त्रुटी दिसली की त्याच दिवशी शाळेत जा.

दहावीत नूतनीकरण करावे लागते, अकरावीत पुन्हा, बारावीत पुन्हा. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच प्रयत्नात जावे लागते. दहावीला ६० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीला ५५. एकदा खंडित झालेली शिष्यवृत्ती परत सुरू होत नाही. आणखी एक गोष्ट दहावी-अकरावीत आड येते. पंधराव्या वर्षी आधारसाठी बोटांचे ठसे, डोळे आणि फोटो नव्याने द्यावे लागतात. पंधरा ते सतरा वर्षांत ते मोफत होते. दिले नाहीत, तर लहानपणीचा चेहरा मुलाशी जुळत नाही आणि पडताळणी अडकते.

सगळ्यात जास्त मुले गळताना मी पाहिली ती अकरावीत. शाळा सुटलेली असते, ज्या सरांना सगळे माहीत होते ते मागे राहतात आणि नव्या महाविद्यालयात कुणालाच ठाऊक नसते की हे मूल शिष्यवृत्तीधारक आहे. प्रवेश विनाअनुदानित तुकडीत झाला किंवा मूल डिप्लोमाला गेले, तर पैसे थांबतात, कारण योजना शासकीय आणि अनुदानित शाळा-महाविद्यालयांतल्या नियमित अकरावी-बारावीसाठी आहे. डिप्लोमा हीच मुलाची खरी आवड असेल, तर त्याने बारा हजारांसाठी तो सोडू नये. पण निर्णय घेताना घराला हे माहीत असावे, एवढे मला वाटते. अनुदानित तुकडी मिळाली असेल, तर प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात निवडपत्राची प्रत आणि तो चौदा अंकी क्रमांक घेऊन कार्यालयात जा, शिष्यवृत्तीचे काम कोण पाहते ते विचारा आणि त्यांच्या समोरच नाव नोंदवा. बारावीच्या नूतनीकरणाला तेच कार्यालय लागते, आणि त्या वेळी ते मूल त्यांच्या ओळखीचे झालेले असते.