एका मताचा खटला

कोर्टाचीं जुनीं कागदपत्रें म्हणजे कसरीचें खाद्य, अशी सामान्य समजूत असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत जतन केलेले एका फौजदारी खटल्याचे कागद मात्र आमच्या विद्यार्थ्यांनीं, विशेषतः विद्यार्थिनींनीं, समजून घेण्यासारखे आहेत. फिर्यादी अमेरिकेचें संयुक्त सरकार. आरोपी क्वेकर कुटुंबांत वाढलेल्या सूझन बी. अँथनी.

ता. ५ नोव्हेंबर १८७२ रोजीं रॉचेस्टर नगरांत या बाईंनीं मत दिलें. हक्क नसतां जाणूनबुजून मत देणें हा १८७० च्या कायद्यानें गुन्हा होता. आरोपपत्रांत कायद्याचा पाल्हाळ पुष्कळ. परंतु गुन्ह्याचें मर्म इतकेंच कीं, मत देणारी व्यक्ति स्त्रीजातीची होती. खोटें नांव नाहीं, लांचलुचपत नाहीं!

बाईंनीं जामीन देण्याचें नाकारलें. तुरुंगांत गेल्यास सुटकेच्या अर्जानें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेतां येईल, असा त्यांचा हेतु होता. परंतु त्यांचे वकील हेन्री सेल्डन यांस तें पाहवेना. त्यांनीं स्वतःच जामिनाची रक्कम भरली, आणि तो मार्ग खुंटला. वकिलाचें सौजन्य अशिलास महाग पडलें.

जून १८७३ मध्यें कॅनन्डेग्वा येथें खटला चालला. न्यायमूर्ति वॉर्ड हंट यांनीं आरोपीस स्वतःची साक्ष देऊं दिली नाहीं, आणि ज्यूरीस विचारविनिमयाची संधि न देतां 'दोषी' असा निर्णय देण्यास फर्माविलें. कारकुनानें तो ज्यूरीच्या नांवानें नोंदविला. वस्तुतः त्या बारा पुरुषांपैकीं कोणीहि तोंड उघडलें नव्हतें. केवळ निकालाचा कागद वाचणारास हें कसें कळावें? त्यासाठीं जानेवारी १८७४ मध्यें बाईंनीं काँग्रेसकडे केलेला अर्ज शेजारीं ठेवून वाचावा लागतो. ज्यूरीचा हक्क हिरावला गेला, हेंच त्यांचें मुख्य गाऱ्हाणें.

शिक्षा शंभर डॉलर दंड व खर्च. आपण एक डॉलरहि भरणार नाहीं, असें बाईंनीं न्यायालयांतच सांगितलें. दंड भरीपर्यंत तुरुंगांत ठेवण्याची आज्ञा न्यायमूर्तींनीं दिली नाहीं. ही दया होती कीं सर्वोच्च न्यायालयाचें दार पुन्हा लावून घेणें होतें, याचा निर्णय वाचकांनीं करावा. माझें मत दुसऱ्या पक्षास आहे. पुढें वसुलीस गेलेल्या अंमलदारानें जप्त करण्याजोगी मालमत्ता आढळली नाहीं, असा शेरा लिहिला.

बाई १९०६ सालीं वारल्या. लिंगभेदावरून मताधिकार नाकारूं नये, अशी घटनादुरुस्ती १९२० सालीं झाली. २०२० सालीं राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीं त्यांस मरणोत्तर माफी दिली, तेव्हां रॉचेस्टर येथील त्यांच्या स्मारक-संग्रहालयानें ती त्यांच्या वतीनें नाकारली. कारण माफी घेणें म्हणजे तो खटला यथान्याय झाला असें कबूल करणें होय.