पीओपीतले दिवे: कुठे, किती आणि कसले?

कराड, पाटण, वाळवा या भागात सध्या घरांची कामं जोरात आहेत. ऊसबिलाचे पैसे आले, गटातून कर्ज मिळालं की स्लॅब पडतो आणि मग हॉलला पीओपी करायची टूम निघते. पीओपी आलं की त्यात गोल दिवे आलेच. कुणी त्यांना स्पॉट म्हणतं, कुणी डाऊनलाइट. गवंडी, पीओपीवाला आणि वायरमन आपसात ठरवून मोकळे होतात, आणि ज्या बाईच्या नावावर हप्ता आहे तिला शेवटी फक्त रंग विचारतात. म्हणून आज या दिव्यांविषयी बोलूया.

आधी एक गोष्ट पक्की करूया. घरात दोन तऱ्हेचा उजेड लागतो. एक कामाचा, म्हणजे भाकरी थापायला, मुलांच्या अभ्यासाला, शिवणाच्या मशिनला. दुसरा शोभेचा, म्हणजे देव्हारा, सासू-सासऱ्यांचा फोटो, गौरी-गणपतीची आरास उठून दिसावी म्हणून. पैसे मोजके असतील तर कामाचा उजेड आधी, शोभेचा नंतर. हॉलमध्ये दहा दिवे आणि ओट्यावर अंधार, असं घर काय कामाचं?

ओट्याचंच घ्या. स्वयंपाकघरात दिवा खोलीच्या मधोमध असला की तो आपल्या पाठीमागे येतो आणि आपलीच सावली विळीवर पडते. दिवा ओट्याच्या पुढच्या कडेवर, म्हणजे भिंतीपासून दीड ते दोन फुटांवर हवा. मात्र शेगडीच्या बरोबर वर नको, तिथे वाफ आणि तेल बसतं. छतात सोय नसेल तर मांडणीखाली लावलेली साधी एलईडी पट्टीही भागवते.

आता दिवे किती? दहा बाय बारा फुटांच्या खोलीला ७ वॅटचे चार चांगले दिवे बसण्या-उठण्यापुरते पुरतात. दुकानात नुसते वॅट विचारू नका. वॅट म्हणजे वीज किती खाणार. उजेड किती देणार ते लुमेनमध्ये असतं आणि ते डब्यावर छापलेलं असतं. दोन्ही दिवे ७ वॅटचे, पण एकावर ४५० लुमेन आणि दुसऱ्यावर ६५० असू शकतात. विजेचा खर्च सारखाच, उजेड मात्र दीडपट.

हिशोबही मांडून बघा. ७ वॅटचे बारा दिवे रोज पाच तास लावले तर महिन्याला साधारण साडेबारा युनिट होतात. आकडा लहान वाटेल, पण महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटला दर कमी आणि पुढच्या युनिटला बराच जास्त असतो. शंभरच्या काठावर असलेल्या घराला हे साडेबारा युनिट महागात पडतात. म्हणून शोभेच्या दिव्यांना वेगळं बटण ठेवायला सांगा. सण असेल, पाहुणे येतील तेव्हा लावा, एरवी बंद.

रंग कोणता घ्यावा? डब्यावर आकडा असतो आणि पुढे केल्विन लिहिलेलं असतं. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. समईची ज्योत साधारण १९०० च्या आसपास असते. म्हणून देव्हाऱ्यावर पिवळसर दिवा समईशी जुळतो आणि निळसर दिवा तिथे दवाखान्यासारखा दिसतो. ओट्यावर आणि अभ्यासाला ४००० चा चांगला. डब्यावर सीआरआय असाही आकडा असतो. तो ८० किंवा जास्त हवा, देव्हाऱ्याला ९० मिळाला तर उत्तम. दुकानात हळद-कुंकू किंवा साडीचा काठ दिव्याखाली धरून बघा. कुंकू विटकरी दिसलं तर तो दिवा नको.

उजेडाचा झोत किती पसरतो यालाही माप आहे, ते अंशात असतं. दिव्यापासून सहा फुटांवर २४ अंशाचा झोत अडीच फुटांचा गोल पाडतो, ३६ अंशाचा चार फुटांचा आणि ६० अंशाचा सात फुटांचा. एका फोटोला २४, देव्हाऱ्याला ३६, खोलीभर उजेडाला ६० किंवा त्याहून जास्त. फोटोवर झोत टाकायचा तर दिवा मान वळणारा घ्या आणि भिंतीपासून अंतर ठेवा. छत नऊ फुटांवर आणि फोटोचा मध्य पाच फुटांवर असेल, तर दिवा भिंतीपासून सव्वादोन फुटांवर ठेवा. फार जवळ आला तर फ्रेमची सावली पडते, फार लांब गेला तर बघणाऱ्याचीच सावली पडते आणि काच चमकते.

उशीच्या वर आणि टीव्हीसमोर बसायच्या जागेवर दिवा नको. मोतीबिंदू असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत हा झोत सुईसारखा खुपतो. ज्याचा एलईडी कडेपेक्षा आत खोल बसलेला असतो, तो दिवा घ्या.

आता टिकाऊपणा. बऱ्याचदा एलईडी आधी जात नाही, त्याचा ड्रायव्हर जातो. ड्रायव्हर वेगळा असलेला दिवा घ्या, म्हणजे तेवढाच बदलता येतो. आपल्याकडे व्होल्टेज वर-खाली होतं, म्हणून डब्यावरची व्होल्टेजची मर्यादा जितकी रुंद तितकं बरं. दिवा लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर तो लुकलुकतो. पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या. भोकाचं माप लिहून ठेवा आणि एक दिवा जादा घ्या. पुढे त्याच रंगाचा मिळेलच असं नाही.

काही घरांना हे दिवे मानवत नाहीत. कौलारू किंवा पत्र्याच्या घरात पत्र्याखालची उष्णता दिव्याचं आयुष्य खाते. तिथे भिंतीवरचा दिवा बरा. स्लॅब गळत असेल तर आधी गळती थांबवा, पाणी ड्रायव्हरवर पडलं की शॉक लागायची भीती. दिव्याच्या वर थर्माकोल किंवा कापड कोंबू नका. अर्थिंग आणि शॉक वाचवणारा आरसीसीबी, यात काटकसर नको. शिवाय ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या घरातल्या जुन्या माणसांनी अनुभवला आहे. पीओपीचा सांगाडा स्लॅबला नीट जखडलेला हवा आणि जड झुंबर त्यावर न टांगता थेट स्लॅबच्या हुकाला हवं.

भोक पाडायच्या आधी एक बिनपैशाची परीक्षा करा. रात्री शिडीवर कुणाला तरी चढवा, जिथे दिवा येणार तिथे बॅटरी धरायला सांगा आणि आपण खाली बसून, उभं राहून, ओट्याशी वाकून बघा. सावली कुठे पडते, डोळ्यांत कुठे जातं ते लगेच कळतं. खडूने खुणा करा. पीओपीवाला आला की त्याला खुणा दाखवा आणि म्हणा, भाऊ, भोकं इथेच पाडायची.

घराचा हप्ता आपण भरतो, त्या घरात आपण सर्वांत जास्त वावरतो. उजेड कुठे पडावा, हे आपणच ठरवूया. पुढच्या बैठकीला ज्यांचं काम चालू आहे त्यांनी घराचा कच्चा नकाशा घेऊन या. सगळ्या मिळून खुणा करू.